सफरचंदावरची औषधं: कोणतं चाललं आणि कोणतं पावसानं चालवलं

आधी निकाल सांगते, कारण सगळ्यांनाच शेवटपर्यंत वाचायला वेळ असतो असं नाही. आमच्या बागेत लाल कोळ्यावर, म्हणजे पानांतला रस शोषणाऱ्या त्या बारीक लाल किडीवर, सगळ्यात जास्त काम केलं ते मार्चअखेरीस मारलेल्या साध्या खनिज तेलानं. जूनमध्ये मारलेल्या कोळीनाशकांपैकी दोन ठीक, एक फार चांगलं पण लोकांना न आवडणारं, आणि एका बाटलीला मी औषध म्हणायलाच तयार नाही. आता हे कशावरून म्हणते, ते सविस्तर.

मी मूळची निफाडची. माहेरी द्राक्षं, शिक्षण राहुरीला कीटकशास्त्रात, आणि लग्न होऊन आले ती थेट हिमाचलात, शिमला जिल्ह्यातल्या जुब्बलच्या वरच्या अंगाला. सात हजार फुटांच्या आसपास सासरची बाग आहे. वरच्या टप्प्यांत रॉयल जातीची जुनी झाडं, बियांपासून केलेल्या खुंटांवरची (खुंट म्हणजे ज्यावर कलम बांधतात तो खालचा भाग), शिडीशिवाय शेंडा हाती लागत नाही अशी. खालच्या टप्प्यांत नवी, बुटक्या खुंटांवरची. माहेरचे भाऊबंद फोन करून विचारत असतात, कारण हल्ली नाशिक-नगरकडेही कमी थंडीत येणारी सफरचंदं लोक हौसेनं लावतात. त्यातली एचआरएमएन-99 ही जात तर मूळ इथलीच, बिलासपूर जिल्ह्यातल्या हरिमन शर्मांची. झाड लावलं की कीड येणार, आणि कीड आली की माणूस दुकानात जाणार.

दुकानात काय होतं ते महाराष्ट्रातल्या वाचकांना वेगळं सांगायला नको. कृषी सेवा केंद्रात जे चालतं तेच इथं चालतं, फक्त बोली पहाडी. पान तांबूस पडलेलं घेऊन माणूस जातो, दुकानदार वरच्या फळीवरची बाटली काढतो आणि म्हणतो, अमक्यानं मारलं, चार दिवसांत बगीचा साफ. अमक्याला विचारलं तर तोही शपथेवर सांगतो की साफ झाला. दोघंही खोटं बोलत नसतात. त्यानं मारलं कधी, एवढंच फक्त कुणी विचारत नाही.

लाल कोळी उन्हाळ्यातला जीव आहे. मे आणि जूनच्या कोरड्या, धुळीच्या दिवसांत त्याची पिढीवर पिढी निघते आणि जूनमध्ये तो कळसाला पोचतो. तेव्हाच पानं काशाच्या रंगाची दिसायला लागतात, बागवान घाबरतो आणि फवारणी होते. मग जूनच्या अखेरीस इथं मान्सून येतो. चांगला झोडपून पाऊस झाला की कोळी पानांवरून धुऊन जातात, दमट हवेत त्यांची वाढ मंदावते, आणि तोवर त्यांना खाणारे भक्षक कोळी आणि काळे चिमुकले भुंगेरेही कामाला लागलेले असतात. म्हणजे जूनच्या शेवटच्या आठवड्यात तुम्ही नुसतं पाणी मारलं असतं तरी पंधरा दिवसांनी बाग बरी दिसली असती. श्रेय बाटलीला मिळतं, आणि पुढच्या वर्षी तीच बाटली आणखी जास्त खपते.

म्हणून मी सासऱ्यांना सांगितलं की औषध तपासायचं तर काही झाडं कोरी ठेवावी लागतील. अजिबात न फवारलेली. पापाजींचा चेहरा बघण्यासारखा झाला. "बेटा, बिना स्प्रे के पेड़? सड़क से सबको दिखेंगे." या पट्ट्यात बाग फवारली नाही म्हणजे घरात काहीतरी बिघडलंय, असा समज आहे. शेवटी तडजोड झाली. कोरी झाडं ठेवायची, पण रस्त्याकडेची नाहीत. ते माझ्याही पथ्यावर पडलं, कारण रस्त्याकडेच्या झाडांवर धूळ बसते आणि धुळीच्या पानांवर कोळी नेहमीच जास्त असतो. कंपन्यांची प्रात्यक्षिकं बघाल तर औषध मारलेली झाडं बहुधा खालच्या ओलसर टप्प्यात असतात आणि तुलनेला दाखवलेलं झाड नेमकं वरच्या वळणावरचं. मुद्दाम करतात असं म्हणत नाही. पण तसं असतं खरं.

मी प्रत्येक औषधाला दर टप्प्यात एक झाड दिलं आणि कुठल्या झाडाला काय, हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं. खुणेला जुन्या साडीच्या काठाच्या पट्ट्या बांधल्या, वेगवेगळ्या रंगांच्या. दोन प्रयोगझाडांच्या मध्ये एक झाड सोडून दिलं, कारण डोंगरउतारावर वारा आला की फवारणीच्या गनचा फवारा शेजारच्या झाडाला भिजवल्याशिवाय राहत नाही.

आता तेल. खनिज तेल म्हणजे पेट्रोलियमपासूनच केलेलं, शुद्ध केलेलं, पाण्यात मिसळेल असं बनवलेलं तेल. आपल्या सरकारी पेट्रोलियम कंपन्याही ते काढतात. ब्रँड सांगत नाही, कारण ब्रँडपेक्षा दोन गोष्टी बघायच्या. एक, डब्यावर किंवा माहितीपत्रकात त्याची शुद्धता दिली आहे का. ज्याला अनसल्फोनेटेड रेसिड्यू म्हणतात तो आकडा 92 टक्के किंवा वर असला पाहिजे. तो जितका कमी, तितकी पानं भाजण्याची भीती जास्त. दुसरी गोष्ट घरी बघता येते. काचेच्या बरणीत पाणी घ्या, त्यात मापानं तेल टाका, ढवळा आणि बाजूला ठेवा. दुधासारखं पांढरं झालं आणि तसंच टिकलं तर चांगलं. थोड्या वेळात वर तवंग आला तर ते तेल ड्रममध्येही वेगळं होणार, म्हणजे पहिल्या झाडांवर पाणी आणि शेवटच्या झाडांवर नुसतं तेल. एका डब्याबाबत मला हे बरणीतच कळलं आणि तो परत केला. दुकानदार कुरकुरला, पण त्यानं घेतला.

तेल मारायची वेळ ही या सगळ्यातली खरी मेख. लाल कोळी हिवाळा अंड्यांच्या रूपात काढतो. फेब्रुवारीत छाटणी करताना दोन वर्षांच्या काडीची खालची बाजू, फळकाड्यांच्या सुरकुत्या आणि फांद्यांची बेचकी भिंगातून बघा. अंडी दाट असली तर भिंगाशिवायही दिसतात, काडीवर कुंकू सांडल्यासारखी. भिंगाखाली प्रत्येक अंडं गोल, लालभडक, आणि वर एक बारीक केस उभा. तेलाला विष म्हणणं बरोबर नाही. ते अंड्याभोवती पातळ थर धरतं आणि त्याचा श्वास कोंडतं. ऐन थंडीत अंडं जवळजवळ झोपेत असतं, श्वासाची गरज कमी, म्हणून जानेवारीतली फवारणी बरीचशी वाया जाते. काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब, फुगून हिरवं टोक दिसायला लागलं, अर्धा इंच हिरवं झालं, की आतला जीव जागा झालेला असतो आणि तेव्हाच तेल त्याला नीट गाठतं. या अवस्थेत दोन टक्के, म्हणजे दोनशे लिटरच्या ड्रमला चार लिटर. कळ्यांचा गुच्छ घट्ट दिसायला लागला असेल तर एक टक्क्यावर यायचं. पुढच्या दोन दिवसांत पाला (इथं गोठलेल्या दंवाला पाला म्हणतात) पडायची शक्यता असेल तर थांबायचं, नाहीतर कोवळी पालवी करपते. आणि कॅप्टान हे बुरशीनाशक किंवा गंधक यांच्या जवळपास तेल आणायचं नाही. इथं स्कॅब या बुरशीच्या रोगासाठी बुरशीनाशकांचं वेळापत्रक घट्ट असतं, त्यामुळे तेलाची जागा आधी ठरवून बाकीच्या फवारण्या त्याभोवती बसवाव्या लागतात.

तेलाची तक्रार करायची तर ती श्रमाची आहे. भिजलं तिथंच ते काम करतं, वाळल्यावर त्याची पुढे काही राखण नाही. म्हणजे प्रत्येक काडी खालून वरून ओली झाली पाहिजे. आमच्याकडे ट्रॅक्टर आणि ब्लोअरचं नाव नको, टप्प्यांवर ते चढतच नाहीत. वर रस्त्याला ड्रम आणि इंजिनाचा पंप, तिथून लांबलचक पाइप, आणि टोकाला गन घेऊन एक माणूस. दुसरा पाइप सांभाळतो. हे काम बहुतेक ठिकाणी नेपाळी मजूर करतात आणि ते कष्टाचं आहे. अंगावर तेल येतं, पायाखाली उतार, मान सतत वर. तेव्हा कुठं काय भिजलं नाही हे त्या माणसाला दिसणं शक्य नसतं.

इथं मला सगळ्यात उपयोगी पडलेली वस्तू म्हणजे पाणी लागलं की रंग बदलणारा पिवळा कागद. द्राक्षवाल्यांपैकी काहींनी बघितला असेल. कागद पिवळाजर्द असतो, थेंब पडला की तिथं निळा डाग. मी त्याचे तुकडे पानांच्या वर आणि खाली, फांद्यांच्या खालच्या अंगाला आणि एक लांब काठीनं शेंड्याच्या आत टाचले. हात कोरडे ठेवून लावायचे, नाहीतर घामानंच निळे होतात. फवारणी झाल्यावर काढून बघितले तर कमरेच्या उंचीचे सगळे निळेशार, ओघळ गेलेले. शेंड्याच्या आतले निम्मे पिवळेच. पानाखालचे तर त्याहून वाईट, आणि कोळी राहतो कुठं, तर पानाखालीच. गन चालवणाऱ्या भाऊंना हे कागद दाखवले, काही बोलावं लागलं नाही. पुढच्या ड्रमला त्यांनी आपणहून नोझल बदललं, झाडाच्या आत शिरून खालून वर मारलं, आणि त्या ड्रममध्ये झाडं थोडी कमी झाली. कमी झाली म्हणजे बरोबर झालं. एका ड्रममध्ये जास्त झाडं उरकली की मालक खूष होतो, त्याचा हिशेब जूनमध्ये लागतो. या कागदाला माझे पाचपैकी पाच. औषधाआधी हा घ्या.

तेल मारलेल्या झाडांवर मे अखेरीस कोळी शोधायला लागत होते. कोऱ्या झाडांवर शोधायला लागत नव्हते. फरक इतका उघड होता की जूनच्या कोळीनाशकांच्या परीक्षेसाठी मला तेल न मारलेला वेगळा तुकडा आधीच राखून ठेवल्याचं बरं वाटलं, नाहीतर मोजायला कोळीच नसते.

तेल कुठं चाललं नाही तेही सांगते. खालच्या टप्प्यांत झाडांच्या आळ्यात सासूबाई राजमा लावतात. तिथं लाल कोळी नव्हे, दोन ठिपक्यांचा कोळी येतो, तोच जो आपल्याकडे वांग्या-भेंडीवर जाळी करतो. तो हिवाळा अंड्यांत काढत नाही. त्याच्या माद्या सालीखाली आणि गवता-पाचोळ्यात दडून बसतात, मार्चमध्ये काडीवर मारलेलं तेल त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. पानावर कोळी दिसला म्हणून तेल फुकट गेलं असं ठरवण्याआधी भिंग लावून तो कुठला आहे ते बघा. गडद लाल, पाठीवर पांढरे ठिपके आणि त्यांतून केस, तर लाल कोळी. फिकट, दोन्ही कुशींना काळा डाग, आणि बारीक जाळं, तर दुसरा. भिंग दहापट मोठं दाखवणारं पुरे. त्याहून मोठं घेऊ नका, हात हलला की काहीच दिसत नाही.

आता जूनची मंडळी. मी घेतली ती फेनाझाक्विन, प्रोपरगाइट आणि हेक्सिथायाझॉक्स. मात्रा इथल्या शिफारशीप्रमाणे, दोनशे लिटरला अनुक्रमे पन्नास, दोनशे आणि दोनशे मिली. मारली पावसाच्या पुष्कळ आधी, जूनच्या सुरुवातीलाच, म्हणजे ढगांना श्रेय लाटायला जागा राहू नये.

फेनाझाक्विन सगळ्यात चटपटीत. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भिंगाखाली पान बघितलं तर कोळी जागच्या जागी वाळलेले, पाय आक्रसलेले. चार दिवसांत बगीचा साफ, हे वाक्य बहुधा याच्यामुळेच जन्माला आलं असावं. प्रोपरगाइट थोडं सावकाश, उष्ण दिवसांत जास्त जोमानं चालतं, आणि हाताळताना डोळे-कातडी सांभाळायला लागते. हातमोजे आणि गॉगलशिवाय ते ड्रममध्ये ओतू नका. बाकी त्याच्याबद्दल फार काही सांगण्यासारखं नाही, काम करतं.

हेक्सिथायाझॉक्स मात्र बिचारं बदनाम आहे. ते मोठ्या कोळ्याला मारतच नाही. अंडी आणि पिल्लं मारतं, आणि ज्या माद्यांना लागलं त्यांची पुढची अंडी उबत नाहीत. म्हणजे चौथ्या दिवशी बागवान पान उलटून बघतो, कोळी मजेत फिरतोय, आणि तो दुकानदाराला फोनवर शिव्या घालतो. आमच्या शेजारच्या बागेत तर असंच बघून पाचव्या दिवशी वरून दुसरं औषध मारलं गेलं. मी मोजत राहिले. पहिल्या आठवड्यात ते तिघांत शेवटचं. नंतरच्या मोजणीत म्हातारे कोळी मरून गेले आणि मागून नवे आलेच नाहीत, तेव्हा ते पहिलं. शिवाय त्या झाडांवर भक्षक कोळी शाबूत दिसले, फिकट, पाण्याच्या थेंबासारखे चकचकीत आणि लाल कोळ्यापेक्षा कितीतरी चपळ. पांढरा कागद धरून फांदी झटकली की हे लगेच ओळखू येतात, कारण बाकीचे रेंगाळतात आणि हे पळतात. तर हेक्सिथायाझॉक्सला माझे पाचपैकी साडेचार, अट एकच: कोळी थोडा असतानाच मारायचं. पानं तांबूस झाल्यावर त्याला बोलावलं तर तो दोष त्याचा नाही.

मोजायचं कसं, हे विचारणाऱ्यांसाठी. झाडाच्या चारही बाजूंनी मधल्या उंचीची पानं घ्यायची, कागदी पाकिटात घालायची, वर झाडाची खूण लिहायची, आणि लगेच मोजणार नसाल तर फ्रिजमध्ये ठेवायची, म्हणजे कोळी फिरत नाहीत. आमच्या फ्रिजमध्ये कोथिंबिरीच्या शेजारी कोळ्यांची पाकिटं असतात. सासूबाईंनी ते मान्य केलंय, पाहुण्यांना मात्र सांगायचं नाही अशी अट आहे.

आणि मोजल्यावर आकड्यांचं काय करायचं, हा प्रश्न सुटल्याशिवाय कुठल्याही औषधाबद्दल बोलू नये असं माझं स्पष्ट मत आहे. समजा फवारणीआधी पानामागे वीस कोळी होते आणि नंतर चार राहिले. दुकानदार म्हणणार, ऐंशी टक्के काम. आता कोरी झाडं बघा. तिथंही आधी वीसच होते आणि काही न मारता आठ राहिले. म्हणजे बरीचशी घट हवेनं, भक्षकांनी केली. औषध नसतं तरी आठच उरले असते, औषधानं त्या आठाचे चार केले. काम झालं पन्नास टक्के. हा हिशेब माझा नाही. अ‍ॅबट यांनी 1925 साली कोऱ्या तुकड्याशी तुलना करून टक्केवारी काढायचं सूत्र मांडलं, आणि हेंडरसन व टिल्टन यांनी 1955 साली त्यात फवारणीआधीचे आकडेही आणले, तेही कोळ्यांवरच्याच औषधांच्या चाचणीत. आजही विद्यापीठांचे कीटकशास्त्रज्ञ हेच वापरतात. चार आकडे लागतात, आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर पुरतो. ज्याच्याकडे कोऱ्या झाडांचे दोन आकडे नाहीत त्याच्या ऐंशी टक्क्यांना मी आता हसून हो म्हणते आणि विषय बदलते.

त्या बिनलेबलाच्या बाटलीचं सांगायचं राहिलं. एका दुकानातून, नाव नको, "बायो" म्हणून ती दिली गेली. पूर्णपणे सेंद्रिय, सगळ्या किडींवर एकच, असं तोंडी सांगणं. बाटलीवर पान-फुलाचं चित्र. घटक नाही, बॅच नंबर नाही, नोंदणी क्रमांक नाही, बिल मागितलं तर टाळाटाळ. मी ती दोन झाडांवर मारली, घरच्या खाण्यातली नसलेली, बाजूची. कोळी मेले. त्याच्या जोडीला गवतातल्या ढालकिड्या, कोळी खाणारे ते काळे भुंगेरे आणि झाडाखालच्या मुंग्याही दुसऱ्या दिवशी पडलेल्या. तीन आठवड्यांनी त्याच झाडांवर लाल कोळी कोऱ्या झाडांपेक्षा जास्त. बाटलीत काय होतं ते मी सांगू शकत नाही आणि अंदाजही करणार नाही. पण मित्रकीटक मारणारं काहीही मारलं की कोळी उसळतो हे काही नवं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर सफरचंदाच्या बागांत डीडीटी आलं, अळ्या गेल्या आणि लाल कोळ्यानं थैमान घातलं, कारण त्याला खाणारेच मेले होते. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं मारणाऱ्यांना आजही तोच अनुभव येतो. शून्य गुण. बिल न देणाऱ्या दुकानातून पाण्याची बाटलीसुद्धा घेऊ नका.

औषध दरवर्षी बदला, असं सगळेच सांगतात. पण बदलायचं ते नाव नव्हे, गट. फेनाझाक्विन सोडून फेनपायरोक्झिमेट घेतलं तर बाटली नवी, पण दोन्ही कोळ्याच्या शरीरात एकाच जागी घाव घालतात, एकाला सरावलेला कोळी दुसऱ्यालाही दाद देत नाही. डाउनीची (केवडा रोगाची) औषधं गट बघून फिरवणाऱ्या द्राक्षवाल्यांना हे लगेच कळेल. लेबलवर गटाचा क्रमांक असेल तर तो बघा, नसेल तर विचारा. कीड औषधाला सरावते हा शोध मुळात सफरचंदाच्याच बागेतला. 1914 साली अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात मेलँडर नावाचे शास्त्रज्ञ खवले किडीवर चुना-गंधकाच्या फवारण्या तपासत होते आणि काही ठिकाणी ती कीड मरेनाशी झालेली त्यांना आढळली. त्यांनीच पहिल्यांदा लेखी विचारलं की कीटक औषधाला निगरगट्ट होतात की काय. तेलाच्या बाबतीत मात्र असं सरावणं अजून दिसलेलं नाही, गुदमरण्याला सराव कसला होणार, आणि माझं मत तेलाकडे झुकायचं ते मोठं कारण आहे.

तीच खवले कीड आमच्याकडेही आहे, इथं तिला सेंजोस स्केल म्हणतात, कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेवरून. फळावर लाल वर्तुळं आणि मध्ये राखाडी ठिपका दिसला की पेटीचा भाव गेलाच. तेल तिच्यावरही चालतं, तीच मार्चची फवारणी. पण वरचे राहिलेले शेंडे इथं महागात पडतात, कारण तिथूनच मे महिन्यात पिल्लं खाली उतरतात. ती कधी निघतात हे बघायला इलेक्ट्रिशियनची काळी चिकटपट्टी फांदीभोवती गुंडाळली आणि वरून व्हॅसलिनचा पातळ हात दिला. रोज सकाळी चहा घेऊन जायचं आणि भिंगानं पट्टी बघायची. एके दिवशी काळ्यावर पिवळे, टोकदार सुईनं टोचल्यासारखे कण चिकटलेले दिसले की समजायचं, पिल्लांवर अजून कवच नाही, आता मारा. वेळापत्रकातली तारीख आणि पट्टीवरची तारीख यांत आठवडाभराचा फरक पडला, कारण यंदा वसंत उशिरा आला. बाटलीपेक्षा या दहा-वीस रुपयांच्या पट्टीनं जास्त फळं वाचवली असं मी म्हणेन.

लोकरी माव्याबद्दल थोडक्यात. छाटणीच्या जखमांवर कापसाचे पुंजके दिसतात तो हाच. उसावरच्या लोकरी माव्यानं 2002 नंतर आपल्या साखरपट्ट्याची झोप उडवली होती, हा त्याचा सफरचंदावरचा लांबचा भाऊ. तेल त्याच्या लोकरीत शिरत नाही, म्हणून तेलाला इथं पाचपैकी दोन. पुंजका बोटानं चिरडला की तांबडा डाग पडतो. त्याच वसाहतीत काळे, लोकर नसलेले, पाठीला गोल भोक असलेले मावे दिसले तर औषध मारू नका. ते अफेलिनस नावाच्या चिमुकल्या गांधीलमाशीनं पोखरलेले आहेत आणि तुमचं काम ती फुकट करते आहे. नवी लागवड करणाऱ्यांनी खुंट निवडतानाच विचार करावा, एमएम-106 आणि एमएम-111 या खुंटांना हा मावा सहसा त्रास देत नाही, एम-9 ला देतो.

खर्चाचं विचाराल तर लिटरचा भाव बघू नका, ड्रमचा बघा. तेल लिटरला स्वस्त वाटतं पण ड्रमला चार लिटर जातं. कोळीनाशक लिटरला महाग वाटतं पण पन्नास ते दोनशे मिलीत भागतं. फरक पडतो तो मजुरीत. तेलाची एक फवारणी नीट झाली तर जूनच्या एक-दोन फवारण्या वाचतात, आणि जूनमध्ये माणूस मिळवणं हे औषध मिळवण्याहून अवघड आहे. पापाजींनी पुढच्या हंगामासाठी तेलाचे डबे सांगून ठेवलेत. कोऱ्या झाडांना अजून त्यांची पूर्ण संमती नाही, पण पुढच्या वेळी ती कुठली ठेवायची हे ते स्वतः ठरवणार आहेत म्हणे.

निफाडहून चुलतभावाचा प्रश्न आला आहे की हेच तेल द्राक्षावर पिठ्या ढेकणासाठी आणि कोळ्यासाठी चालेल का. दादा, आधी लेबलवर द्राक्ष लिहिलंय का बघ. नसेल तर माल निर्यातीचा असताना प्रयोग नको. लिहिलं असेल तरी भुरीसाठी तू गंधक वापरतोस, आणि गंधकावर तेल पडलं की पानं आणि मणी भाजतात, दोन-तीन आठवड्यांचं अंतर लागतं. तेव्हा फवारणीची वही काढ, शेवटचं गंधक कधी मारलंस ती तारीख बघ, आणि मग मला फोन कर.